शून्य दाव्यांचं बेट

माणसं सुट्टीवर गेली की काय करतात ते मला विचारा. पडतात. ओल्या फरशीवर पडतात, होडीतून उतरताना पडतात, जिथे पायरी नाही तिथे ती आहे असं समजून पडतात. पडत नाहीत ती उन्हात भाजून निघतात, आणि भाजत नाहीत त्यांना काहीतरी चावतं. एका गृहस्थांचं बोट स्वतःच्याच बॅगेच्या चेनमध्ये अडकलं होतं, तेही सुट्टीच्या पहिल्या दिवशी, खोलीचं दार उघडायच्या आत. मी प्रवास-विम्याच्या कंपनीत दावे तपासतो आणि या कामाला आता बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात सुट्टीवरून धडधाकट परत आलेला एकही माणूस माझ्या टेबलासमोर बसलेला नाही.

त्यामुळे डॉक्टर जेव्हा माझ्या बायकोला म्हणाले, "जरूर जा, आठवडाभर कुठल्यातरी उबदार बेटावर लोळत पडा, फक्त ठिकाण सुरक्षित निवडा," तेव्हा तिने त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला आणि मी दुसरा.

बायकोच्या हृदयाच्या दोन झडपा कामातून गेल्या होत्या. एक गेल्या वर्षी बदलली. दुसरी बदलायची तारीख त्याच दिवशी ठरली, अकरा आठवड्यांनंतरची. त्याआधीचे दोन आठवडे तपासण्यांसाठी इथेच असायला हवं होतं. म्हणजे जायचं तर नऊ आठवड्यांच्या आत जाऊन यायचं. बायकोने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "तिकडे समुद्राचं पाणी कोमट असतं म्हणतात, खरं का?" डॉक्टर म्हणाले, "अगदी." तिने जन्मात कोमट समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्याकडचा समुद्र पायाला लागला की माणूस शिव्या देतो.

मग डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून एक आकडा सांगितला. असलं ऑपरेशन दुसऱ्यांदा करताना शंभरातले नव्वद रुग्ण व्यवस्थित घरी जातात. "चांगला आकडा आहे," ते म्हणाले. माझं आयुष्य आकड्यांत गेलंय. मला नव्वद दिसलेच नाहीत, उरलेले दहा तेवढे दिसले. आत गेल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "पार्किंग मागच्या बाजूला आहे म्हणाले." तिने मान डोलावली.

माझी बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर एका अंधाऱ्या खोलीत उभी राहून ती लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवते आणि विचारते, "हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं?" या कामामुळे तिला आयुष्यात एकाच प्रकारच्या माणसाचा मनापासून तिटकारा आहे: जो "दोन्ही सारखीच वाटतात" म्हणतो तो. तिच्या मते दोन्ही कधीच सारखी नसतात, माणूस उत्तर द्यायला घाबरत असतो. हे मला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं.

आता आमच्या कंपनीची पद्धत थोडी सांगायला हवी. आमच्याकडे जगातल्या प्रत्येक सहलीच्या ठिकाणाला एक क्रमांक आहे. नावं आम्ही वापरत नाही. नावांनी माणूस भुलतो. प्रत्येक क्रमांकाची एक घटनासूची असते आणि त्या ठिकाणी आजवर कुणाचं काय मोडलं, काय सुजलं, काय बुडालं ते सगळं त्यात येतं. साहेबांची परवानगी काढून मी उष्ण भागातल्या यच्चयावत बेटांच्या सूच्या छापून घरी आणल्या. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला सूच्या आणि दुसऱ्या बाजूला बायकोने जमवलेली रंगीत माहितीपत्रकं. मधे मीठ.

"हे बघा," ती पहिल्याच संध्याकाळी म्हणाली. "पांढरी वाळू. ताई जाऊन आलीय इथे."

मी क्रमांक पाहिला. अठ्ठ्याऐंशी. सूची एकोणीस पानांची होती. अशी सूची मी दुसरी पाहिली नव्हती. पडणं, चिरणं, मुरगळणं, पायात रुतलेले समुद्री साळिंदराचे काटे, छातीत दुखणं, माशाचा काटा घशात. मी ती नुसती उचलून तिच्यासमोर धरली. वजनानेच उत्तर मिळालं.

पण मेव्हणीबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी लगेच फोन केला. "अहो, आम्ही दहा दिवस होतो तिथे. साधी सर्दीसुद्धा झाली नाही."

"तुमच्या यजमानांचा खांदा निखळला होता ना?"

"तो इथे. घरी. पडदे लावताना!"

मी शेरा लिहिला: साक्षीदार पक्षपाती.

एकशे तीसवर माकडं होती आणि ती चष्मे पळवत होती. बायको म्हणाली, "पळवू देत. चष्म्यांना काय तोटा, मी दुकानातून चार नेते." मी म्हणालो, प्रश्न चष्म्याचा नाही, माकडामागे धावण्याचा आहे, सात लोक धावताना पडलेत. दोनशे चारवर ज्वालामुखी होता.

"तीनशे वर्षं झोपलाय तो," बायको म्हणाली.

"झोपलेलं कधीतरी उठतं."

"तुम्ही रविवारी उठत नाही."

दोनशे एक्कावन्नचं जवळजवळ ठरलं होतं. पण तिथे झाडांना बांधलेले झोके निघाले आणि त्या झोक्यांतून अकरा माणसं खाली आली होती. बायको म्हणाली, आपण झोक्यात बसायचं नाही. मी म्हणालो, त्या अकरांपैकी चौघांनी हेच ठरवलं होतं, जबानीत आहे. तिने कपाळाला हात लावला.

याला खुसपट काढणं म्हणतात हे मला ठाऊक आहे. माझ्यावर तो आरोप पूर्वीही झालाय. पण माझी बाजूही ऐका. प्रत्येक बेटासाठी मी एक तक्ता केला होता: धोका, शक्यता, कुणाला, उपाय, शेरा. 'कुणाला' या रकान्यात मी प्रत्येक वेळी 'पत्नी' लिहीत होतो. नारळ पडणार तो पत्नीवर. लाट येणार ती पत्नीवर. मी त्या सगळ्या बेटांवर ठणठणीत होतो, आणि प्रत्येक बेटावरून एकटाच विमानतळावर परत येत होतो. हे चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं की मी सूचीचं पुढचं पान उलटायचो आणि तिथे काहीतरी सापडायचंच.

असे पाच आठवडे गेले. बायकोने मधल्या काळात एक रुंद कडांची टोपी आणली. संध्याकाळी ती टोपी घालून ती स्वयंपाकघरात भांडी विसळायची. त्याबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. टोपीची कड वरच्या फळीला लागायची, तेव्हा ती जरा वाकायची.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी तिने दोन माहितीपत्रकं माझ्या नाकासमोर धरली. "पहिलं की दुसरं?"

मी दमलो होतो. त्या दिवशी ऑफिसात पाणसापाचे तीन दावे आले होते. माझ्या तोंडून गेलं, "दोन्ही सारखीच वाटतात."

तिने दोन्ही पत्रकं टेबलावर ठेवली, टोपी काढली आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "रविवारपर्यंत बेट सांगा. नाहीतर मी ताईबरोबर जाते. तुम्ही इथे बसा आणि मला काय काय होऊ शकतं त्याची यादी करा."

ती धमकी नव्हती. धमकी देताना तिचा आवाज चढतो.

शुक्रवारी मी ऑफिसात बसून उरलेल्या सगळ्या सूच्या एका दमात वाचल्या. आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला मला चारशे सतरा सापडलं. सूची एका पानाची होती. वर क्रमांक, खाली शीर्षक, आणि त्याखाली एकच शब्द: निरंक. बावीस वर्षांत एक घटना नाही. मुरगळलेला पाय नाही, चावलेला डास नाही. मला वाटलं, तिथे कुणी जातच नसेल. म्हणून पॉलिस्या पाहिल्या. दरवर्षी दोन-अडीचशे माणसं जात होती, आणि बहुतेक सगळी आमच्याच कंपनीचा विमा काढून. माणसं होती, समुद्र होता, नारळही असणार, आणि कुणालाही काहीही झालेलं नव्हतं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, पाठ धरली का?

घरी जाऊन मी बायकोसमोर ते एक पान ठेवलं. तिने ते उलटून मागे पाहिलं. मागे कोरं होतं.

"खरं हे?" ती म्हणाली.

"कंपनीची सूची आहे."

"कुणालाच काही नाही? सर्दीसुद्धा?"

"निरंक."

ती हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. त्याच संध्याकाळी आम्ही बुधवारची तिकिटं काढली, पुढच्याच्या पुढच्या बुधवारची. तिने मेव्हणीबाईंना फोन करून सांगितलं की आमच्या ह्यांनी जगातलं सगळ्यांत सुरक्षित बेट शोधून काढलंय. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण बायको म्हणाली, "नाही गं, झोके नाहीत."

सोमवारी ऑफिसात मी जरा जास्तच मिरवलो असेन. साहेबांना सांगितलं. शेजारच्याला दोनदा सांगितलं. चहाच्या यंत्रापाशी दप्तरताई भेटल्या, त्यांनाही सांगितलं. दप्तरताई तळघरातलं दप्तर सांभाळतात. कुठली फाइल कुठे आहे ते त्या कपाटाकडे न बघता सांगतात आणि त्यांना बोलताना घाई कधीच नसते.

"चारशे सतरा?" त्या म्हणाल्या. "त्याचं तर आख्खं कपाट आहे खाली."

"शक्य नाही. निरंक आहे."

"सूची निरंक असेल. कपाट भरलेलंय. करड्या फायली." त्यांनी कपात साखर घातली, ढवळली. "बघायचं तर या. पण जरा वाकून या, वर पाइप आहे."

करडी फाइल म्हणजे फेटाळलेला दावा. आणि आमच्या घटनासूचीत फक्त मंजूर झालेले दावे येतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नवीन लागलेल्यांना पहिल्या दिवशी हे मीच शिकवतो. माझं त्याबद्दल एक वाक्यसुद्धा आहे: "जो दावा पॉलिसीत बसला नाही, ती घटना कंपनीसाठी घडलेली नाही." पोरं ते वहीत लिहून घेतात. इतकी वर्षं ते वाक्य मी इतक्या रुबाबात म्हणत आलो की त्याचा अर्थ काय होतो याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

त्रेचाळीस फायली होत्या. मी पहिली उघडली. होडीतून पडून मांडीचं हाड मोडलेलं. फेटाळलं, कलम नऊ. दुसरी: विषारी मासा. फेटाळलं, कलम नऊ. तिसरी, चौथी, दहावी, सगळीकडे कलम नऊ. या कलमानुसार उपचार करणाऱ्या रुग्णालयाचं शिक्का मारलेलं पत्र चोवीस तासांच्या आत घ्यावं लागतं. आणि चारशे सतरावर रुग्णालय नव्हतं. तिथे एक नर्स होती आणि मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी एक बोट होती. शिक्का मारणारं त्या बेटावर कुणी नव्हतंच. त्यामुळे तिथे कुणाचं काहीही झालं तरी ते कागदावर होणं शक्य नव्हतं.

त्रेचाळीस पत्रांखाली सही माझी होती. साडेतीनशेच्या पुढची बेटं पहिल्यापासून माझ्याकडे आहेत.

"सापडलं?" दप्तरताईंनी दारातून विचारलं.

मी म्हणालो, सापडलं. त्या निघून गेल्या. त्यांना कळलं असावं, कारण जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. एरवी त्या ते सताड उघडं ठेवतात.

पुढची फाइल उघडायची गरज नव्हती. मी उघडली. आत एका माणसाचं पत्र होतं. निवृत्त बसचालक. अक्षर मोठं आणि सरळ. त्याने लिहिलं होतं: "बायकोच्या छातीत बुधवारी दुपारी दुखायला लागलं. बोट शुक्रवारी होती. नर्सबाई तिच्याजवळ बसून होत्या. त्यांच्याकडे शिक्का नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, मला शिक्का कोण देणार? त्यांनी हाताने लिहून दिलंय ते जोडलं आहे. ते चालत असेल तर बघावं." खाली वहीचं फाडलेलं पान होतं. त्यावर दर तासाची नाडी, एकाखाली एक. शेवटच्या ओळीत नुसती वेळ होती, पुढे आकडा नव्हता.

आणि त्यावर पिनेने माझं उत्तर लावलेलं होतं. "परिचारिकेचे हस्ताक्षर हे रुग्णालयाच्या शिक्क्याची जागा घेऊ शकत नाही. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

मला ते पत्र लिहिल्याचं आठवेना. मी खूप प्रयत्न केला. आठवलं असतं तर बरं वाटलं असतं, निदान त्या दिवशी मी दोन मिनिटं थांबलो होतो एवढं तरी कळलं असतं. मला लाज वाटली. एवढी की वर जाऊन माणसांत बसवेना. मी साहेबांना सांगितलं, बरं वाटत नाही, आणि ते खरंच होतं. नोकरीत मी पहिल्यांदाच अर्धी रजा टाकली.

बायकोच्या दुकानात तेव्हा गर्दी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता मला तपासणीच्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं. दुकानात दार लावून बोलायला तेवढी एकच जागा आहे. समोर अक्षरांचा तक्ता उजळलेला, बाकी अंधार. ती नेहमीच्या जागी, माझ्या उजव्या हाताला उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. कपाट, कलम, बोट, नर्स, नाडीचे आकडे. ते पत्र मी खिशात घालून आणलं होतं. नियमाने फायलीतला कागद बाहेर काढता येत नाही. तक्त्याच्या उजेडात तिने ते वाचलं, मग खालचं माझं उत्तर वाचलं.

"किती फायली?"

"त्रेचाळीस."

"सगळ्या तुम्हीच?"

"सगळ्या."

बाहेर कुणीतरी फ्रेम पाडली, तिचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "या माणसाला पत्र लिहा."

"काय लिहू? आता काही करता येणार नाही. मुदत गेली."

"कंपनीचं नाही. तुमचं लिहा. शिक्क्याशिवाय."

मी हो म्हणालो. कागद घडी करून तिने माझ्या वरच्या खिशात ठेवला आणि वर हाताने दाबला. तिचा राग मला ओळखू येतो, तो तिथे होता. पण त्याच्या जोडीला आणखी काहीतरी चाललं होतं, कारण ती तक्त्याकडे बघत ओठ हलवत होती. हिशेब करताना ती तसं करते.

"म्हणजे," ती म्हणाली, "दवाखान्यात पोचलेला माणूसच तुमच्या सूचीत येतो."

"हो."

"मग ते अठ्ठ्याऐंशी. एकोणीस पानं."

"हो, ते तर..."

"एकोणीस पानं माणसं तिथे वेळेवर दवाखान्यात पोचली. बरी झाली, शिक्का घेतला, परत आली, आणि तुमच्यासमोर बसून भांडली. छातीत दुखलेलीसुद्धा." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही सूची उलटी वाचत होतात."

साहेबांना हे कसं सांगायचं असा एक विचार मनात येऊन गेला. मग वाटलं, न सांगितलेलंच बरं.

"नको," मी म्हणालो. "कुठलंच नको. तिकिटं रद्द करतो. तुझं ऑपरेशन होऊ दे. मग निवांत जाऊ, पाहिजे तितके दिवस."

"ऑपरेशननंतर."

"हो."

"डॉक्टरांनी त्या दिवशी बाहेर नेऊन तुम्हाला काय सांगितलं?"

"पार्किंग..."

"शंभरात नव्वद," ती म्हणाली. "मला तुमच्या आधी सांगितलं होतं. तुम्ही खाली एक्स-रे आणायला गेला होतात तेव्हा. मीच म्हटलं, ह्यांना नका सांगू. म्हणजे त्यांनी माझं ऐकलं नाही."

इतके आठवडे एका टेबलावर बसून आम्ही दोघं तोच आकडा एकमेकांपासून लपवत होतो. मधे मीठ ठेवून.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आकड्यांना घाबरता." हे ती एका विमावाल्याला सांगत होती आणि तिला त्यात काही विनोद वाटत नव्हता. "आता मी विचारते त्याचं उत्तर द्या. नव्वदांत निघाले तर ठीकच आहे. पुढच्या वर्षी जाऊ, त्याच्या पुढच्या वर्षी जाऊ, तुम्ही कंटाळेपर्यंत जाऊ. पण दहांत निघाले तर? त्या दहांनी समुद्र कधी बघायचा?"

माझ्याकडे तक्ता होता, पाच रकाने होते. यासाठी रकाना नव्हता. समोरची अक्षरं मला पुसट दिसायला लागली, आणि त्या खोलीत ती तशी दिसली की कुणीही म्हणेल, नंबर वाढलाय.

"मला भीती वाटते," मी म्हणालो. "तुला तिकडे काही झालं तर. इथे झालं तर. कुठेही झालं तर. रोज संध्याकाळी घराचं दार उघडताना आत तुझा आवाज येईपर्यंत मी चप्पल काढत नाही. तुझ्याशिवाय त्या घरात मला जाता येणार नाही. मी काय करू सांग."

ती कधी रडत नाही. आत्ताही रडली नाही. तिने आमच्या दोघांमधलं भिंगांचं यंत्र बाजूला सारलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "दुकानात वाटते, घरी वाटते, भांडी विसळताना वाटते. ती काही जात नाही. मग तिथे बसून वाटू दे. निदान पाय कोमट पाण्यात असतील."

दारावर टकटक झाली. बाहेरच्या बाई म्हणाल्या, माझी वेळ साडेतीनची होती, आता चार वाजत आले. बायको म्हणाली, आलेच, आणि दिवा लावला. उजेडात आम्ही दोघंही बरे दिसत नव्हतो. तिने माझा चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा माझ्या नाकावर बसवला.

"अठ्ठ्याऐंशीचं बघतो मग," मी उठत म्हणालो. "बुधवारचंच विमान मिळालं तर बरं. त्यांचा दवाखाना धक्क्यापासून किती लांब आहे तेही..."

"ह्या बुधवारचं?"

"अगं, हा बुधवार परवा आहे. पुढचा."

ती दाराची कडी धरून माझ्याकडे वळली.

"उद्याचं बघा," ती म्हणाली, आणि साडेतीनच्या बाईंना आत घेतलं.

मी उद्याचं काढलं.